वाऱ्याचे लिटर

मी एक डबी बोलतेय. हर्सूल ओलांडून फुलंब्रीच्या रस्त्याला लागलात की एक वसाहत लागते. तिच्या उंच पाण्याच्या टाकीखाली एक लहानशी खोली आहे. त्या खोलीच्या भिंतीवर, विजेच्या मीटरशेजारी, सहा वर्षं माझा मुक्काम होता. आज सकाळी माझे दोन्ही स्क्रू काढले. आता मी टेबलावर पडलेय आणि अपेक्षा समोर बसून लॅपटॉप सुरू व्हायची वाट बघतेय. तो सुरू झाला की ती माझ्या पोटातलं सगळं पुसणार. तोवर बोलून घेते.

कारखान्यात मला नऊ आकडे-अक्षरांचं नाव मिळालं होतं, ते इथं कुणाच्याच तोंडी बसलं नाही. पहिल्या दिवशी कडूबानं मला तळहातावर घेतलं, उलटसुलट पाहिलं, खिशातली चुन्याची डबी काढून माझ्या शेजारी धरली आणि म्हणाला, "हिची थोरली बहीण दिसती ही." तेव्हापासून मी डबीच.

मी आहे तरी काय, ते आधी सांगते. तुमच्या संगणकाच्या पोटात माझ्या कुळातली एखादी नक्की असेल. ती फक्त साठवते. काही विचारायचं झालं की सगळा साठा उचलून मोठ्या मेंदूकडं न्यायचा, त्यानं विचार करायचा आणि उत्तर द्यायचं. या ने-आणीत वीज जळते, यंत्र तापतं, मग ते गार करायला आणखी वीज. माझ्या पोटात मात्र साठ्याशेजारीच एक छोटा मेंदू आहे, आणि बाहेरच्या जगाशी बोलायची तारही थेट मलाच जोडता येते. कणगीशेजारीच जातं मांडलं की पोती वाहावी लागत नाहीत, तसं समजा. मला वीज लागते ती झीरोच्या बल्बाहून कमी. टाकीवर बसवलेल्या एका सौरपट्टीवर आणि एका बॅटरीवर माझं सगळं भागत आलंय.

हे सांगताना आवाजात थोडा तोरा आला असेल तर माफ करा. पुढं ऐकलंत तर तो कसा उतरला तेही कळेल.

माझा जन्म समुद्रापलीकडचा. तिथं माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे घालून वावरायची, कारण धुळीचा एक कणही आम्हाला सोसत नाही. पाणी मी तिथं पाहिलं नाही. पुढं विमान, गोदाम, ट्रक असं करत मी चिकलठाण्यातल्या एका छोट्या कंपनीत आले. तिथं अपेक्षानं मला खोक्यातून काढलं. तेव्हा ती नुकतीच इंजिनिअर झाली होती. तिनं परदेशात तयार झालेला एक हिशेब आणून माझ्या मेंदूत घातला. हिशेब सोपा होता. मीटर जितकं फिरेल तितकं पाणी गेलं.

मला भिंतीवर बसवलं ते २०१८च्या सप्टेंबरात. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं, आता छत्रपती संभाजीनगर आहे. माझ्या पोटात दोन्ही नावांच्या नोंदी आहेत. त्या वर्षी पावसानं दडी मारली ती मारलीच. घरातल्या आजारी माणसाचा ताप विचारावा तशी माणसं रोज एकमेकांना जायकवाडीची टक्केवारी विचारायची. तरी शहर वाढायचं थांबलं नव्हतं. ज्या वावरात आदल्या वर्षी बाजरी होती तिथं प्लॉटचे दगड रोवलेले असायचे, आणि दगडापाठोपाठ माणसं यायची. आमची वसाहतही अशीच उठलेली, सहा गल्ल्यांची. टाकीत पाणी यायचं आधी चौथ्या दिवशी, मग सहाव्या, आणि नंतर आठव्या. ते सहा गल्ल्यांत वाटायचं काम वसाहतीच्या पाणी समितीकडं होतं.

समितीचे अध्यक्ष व्यंकटराव, पहिल्या गल्लीतले. भूमापन खात्यातून निवृत्त झालेले, हयातभर लोकांच्या जमिनी मोजलेले. माणूस सरळ, पण कुणी काहीही सांगितलं तरी त्यांचा एकच प्रश्न असायचा, "आकडा काय म्हणतो?" पाण्यावरून गल्ल्या-गल्ल्यांत भांडणं लागायला लागली तेव्हा त्यांनीच पुढाकार घेऊन प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी मीटर बसवलं, दाब मोजणारं एक छोटं यंत्र बसवलं, आणि ते सगळे आकडे ऐकायला मला आणलं. पहिले चार महिने मी नुसतं साठवायचं आणि संक्रांतीनंतर बोलायला लागायचं, असं ठरलं.

त्या चार महिन्यांत मी माणसं बघितली. मला फार कुतूहल वाटायचं. पाणी यायच्या दिवशी घरातले सगळे नळ सकाळपासून उघडे ठेवायची ही काय पद्धत, मला कळेना. मग कळलं, नळ बोलायला लागला की पाणी आलं हे घरात कुठंही असलं तरी समजतं. लोक टाकीच्या खांबाला टिचक्या मारून वर बघायचे, हे मात्र अजून कळलेलं नाही.

सगळ्यात जास्त मी कडूबाला बघितलं. तो पाणी सोडणारा. फुलंब्रीच्या अलीकडच्या एका खेड्यातून रोज काळी-पिवळी जीपनं यायचा. त्याच्याकडं कमरेएवढी लांब लोखंडी चावी होती. खड्ड्यातल्या व्हॉल्व्हवर ती बसवायची, फिरवायची, आणि मग एक विचित्र गोष्ट करायची. चावीच्या वरच्या टोकाला तो कान लावून बसायचा. सहावी गल्ली सगळ्यात लांब आणि चढावर. ती तो सगळ्यांच्या आधी उघडायचा, कान लावून थांबायचा, आणि मग खोलीत येऊन भिंतीवर, माझ्या बरोबर खाली, खडूनं लिहायचा: सहा, पंचवीस. पुढच्या पाळीला: सहा, चोवीस. त्यानंतरच बाकीच्या पाच गल्ल्या उघडायच्या आणि सगळ्यांना पन्नास-पन्नास मिनिटं द्यायची.

एकदा अपेक्षानं त्याला विचारलं, "कडूबामामा, कान लावून काय ऐकता?"

"वारा," तो म्हणाला. "आठ दिस नळी रिकामी पडती ना ताई, तिच्यात वारा भरतो. पानी सोडलं की आधी त्यो निघतो. लई कालवा करतो. पानी भरलं की नळी गप व्हती. गप झाली की मी समजतो, आता मिळालं त्यांना."

अपेक्षा हसली, मान डोलावली आणि माझी तार तपासायला लागली. मीही ते ऐकलं आणि हिशेबात धरलं नाही, कारण ते आकड्यात नव्हतं.

खंडेनवमीला कडूबानं चावी धुतली, पाने ओळीनं मांडले, सगळ्यांना हळद-कुंकू लावलं आणि सगळ्यांच्या शेवटी मला. माझ्या डोक्यावर झेंडूचं फूलही ठेवलं. अपेक्षाला कळलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारून घेतला, कुंकू आत गेलं असतं तर म्हणून. पण हत्यारांच्या रांगेत बसून मला बरं वाटलं होतं.

संक्रांत झाली आणि मी पहिल्यांदा बोलले. लाखो आकडे पोटातच दळून मी व्यंकटरावांच्या मोबाइलवर फक्त सहा ओळी पाठवल्या. पहिल्या पाच गल्ल्यांना पाळीमागं सरासरी एकवीस-एकवीस हजार लिटर. सहाव्या गल्लीला चौतीस हजार.

त्या रविवारी टाकीखालच्या सावलीत बैठक भरली. व्यंकटरावांनी सहा ओळी दोनदा वाचून दाखवल्या. सहाव्या गल्लीतल्या भामाबाई पुढं येऊन उभ्या राहिल्या. मूळच्या देवगाव रंगारीच्या, घरी खानावळ चालवायच्या, शेंद्र्याच्या कंपन्यांतली वीसेक माणसं त्यांच्याकडं जेवायला.

"चौतीस हजार? मंग ते गेलं कुठं?" त्या म्हणाल्या. "माझी टाकी अर्ध्याच्या वर जात नाय. वीस माणसांचा सैपाक मी कशात करते, मला विचारा."

"भामाबाई, मीटर खोटं कशाला बोलेल? त्याचं इथं कुणी नात्यातलं नाही," व्यंकटराव म्हणाले. आणि मग कडूबाकडं वळले. "सहावी गल्ली तू पंचवीस मिनिटं आधी उघडतोस. खरं ना?"

"व्हय साहेब. पर ती पंचवीस मिनटं निस्ता वारा येतो."

"वाऱ्याचे पण लिटर असतात का रे?" मागून कुणीतरी विचारलं, आणि सगळी बैठक हसली. आणखी कुणी म्हणालं, सहाव्या गल्लीत निम्मी घरं फुलंब्रीकडची आहेत, कडूबाच्या पाहुण्यांची. मग हसणं थांबलं, आणि ते जास्त वाईट होतं.

कडूबानं हात जोडले नाहीत, आवाज चढवला नाही. "पाव्हणे हायेत," एवढंच म्हणाला. "म्हनून पानी दिलं नाय. कान लावून बघा." कुणी कान लावला नाही. त्यानं चावी माझ्याखाली भिंतीला टेकवून ठेवली आणि तो रस्त्याकडं चालू लागला. बारा वर्षांत ती चावी दुसऱ्या कुणाच्या हातात गेली नव्हती.

मला तेव्हा कसं वाटलं? खरं सांगायचं तर छान वाटलं. मी बोलले आणि तीसेक माणसांनी ऐकलं. ही लाज मी अजून बाळगून आहे.

पुढच्या पाळीला व्यंकटरावांनी स्वतः घड्याळ लावून चावी फिरवली. आधीची पंचवीस मिनिटं बंद. शिवाय आधी जास्त मिळालंय म्हणून सहाव्या गल्लीला पन्नासऐवजी चाळीस मिनिटं. मी मोजलं: चोवीस हजार. अजूनही सगळ्यांहून जास्त. मग त्याच्या पुढच्या पाळीला तीस मिनिटं. मी मोजलं: एकवीस हजार चारशे.

"झालं समान," व्यंकटराव मोबाइल खिशात ठेवत म्हणाले. त्यांचा चेहरा समाधानी होता. शेतांचे बांध जुळल्यावर तो तसाच होत असणार.

माझ्या हिशेबात सहाही गल्ल्या एका रेषेत आल्या होत्या आणि मला एक गोष्ट खटकत होती. मीटर सांगत होतं की सहाव्या गल्लीत पहिल्या पंचवीस मिनिटांत पाणी धो धो जातं, मिनिटाला आठशे लिटर, आणि नंतर एकदम मंदावतं. पाणी असं का वागेल? माझ्या पोटात दाबाचेही आकडे होते. त्या पंचवीस मिनिटांत दाब जवळजवळ शून्य होता. दोन्ही एका जागी ठेवून बघावं असं वाटायचं. पण आम्हाला जे विचारतात त्याचंच उत्तर आम्ही देतो, आणि दाबाबद्दल मला कुणी विचारलंच नव्हतं.

मार्च लागला. पुढच्या पाळीच्या दिवशी अपेक्षा माझी तपासणी करायला आली होती. व्यंकटराव पहिल्या गल्लीचा व्हॉल्व्ह उघडून आत येऊन बसले. सहाव्या गल्लीपासून एकेक उघडत इथवर यायला त्यांना दहा मिनिटं लागली होती. तेवढ्यात भामाबाई दारात उभ्या राहिल्या, हातात रिकामा हंडा.

त्या व्यंकटरावांशी बोलल्याच नाहीत. अपेक्षाला म्हणाल्या, "पोरी, मागच्या पाळीला चार हंडे मिळाले. खानावळ बंद केली मी. पुढच्या महिन्यात घरबी बंद करून गावाकडं जाईन. जायच्या आधी तू एकदा माझ्यासंगं चल आन् बघ."

अपेक्षा गेली. दहा मिनिटांनी व्यंकटरावांचा फोन वाजला. त्यांनी तो टेबलावर ठेवून मोठ्या आवाजावर लावला, कारण एका हातात माझे आकडे दाखवणारा टॅब होता.

"काका, सहाव्या गल्लीचं मीटर फिरतंय का?"

"फिरतंय म्हणजे काय, पळतंय. मिनिटाला आठशे."

"काका, मी भामाबाईंच्या नळासमोर उभी आहे. नळ पूर्ण उघडा आहे. एक थेंब नाही."

"मग शेजारच्यांकडं जात असेल."

"सगळ्यांकडं बघून आले. भामाबाईंनी नळापुढं पदर धरलाय. काका, पदर उडतोय."

टॅबवर माझे आकडे पळत होते, आठशे, आठशे दहा, सातशे नव्वद. व्यंकटरावांनी मान वळवून भिंतीकडं पाहिलं. खडूची अक्षरं अजून तिथंच होती: सहा, पंचवीस. सहा, चोवीस. सहा, सव्वीस.

अपेक्षा परत आली ती धावतच. टेबलाशी बसली. "माझी चूक आहे काका. हा हिशेब जिथं लिहिला तिथं नळ चोवीस तास भरलेला असतो. तिथं मीटर फिरलं म्हणजे पाणीच. आणि मी तर याच गावात वाढले. आमच्याही घरी नळ आधी सूं सूं करायचा. कडूबामामांनी मला तोंडानं सांगितलं होतं, आणि मी हसले."

त्याच वेळी वीज गेली. खोलीतला पंखा थांबला. मी बॅटरीवर चालूच होते. अपेक्षानं मला नवा प्रश्न विचारला: ज्या मिनिटांत दाब आहे तेवढ्याच मिनिटांचं पाणी मोज, पहिल्या दिवसापासून.

आयुष्यभर मी या प्रश्नाची वाट बघत होते असं वाटलं. सहा महिन्यांचा साठा मी माझ्या जागी बसून, कुणाकडं काही न पाठवता, पुन्हा पहिल्यापासून दळला. तिचा चहा गार व्हायच्या आत उत्तर दिलं. सहाव्या गल्लीला कडूबाच्या काळात चौदा हजार मिळत होतं, तेही त्याच्या त्या पंचवीस मिनिटांमुळं. चाळीस मिनिटांच्या पाळीला चार हजार दोनशे. समान झालं म्हणाले त्या पाळीला चौदाशे. बाकी सगळा वारा होता, आणि मी तो लिटरनं मोजला होता. दर पाळीला पाणी कधी सुरू झालं तेही मी काढून दिलं. अपेक्षानं ते भिंतीवरच्या खडूशी ताडून पाहिलं. एकाही पाळीला एका मिनिटाहून जास्त फरक नव्हता.

कडूबाला भामाबाईंनी फोन करून बोलावलं. दुसऱ्या दिवशी तो आला, पण खोलीच्या आत आला नाही, उंबऱ्याबाहेर उभा राहिला. व्यंकटरावांनी नवे आकडे त्याला वाचून दाखवले. सगळे, एकही न गाळता. त्यांचा आवाज पहिल्या बैठकीसारखा नव्हता.

कडूबानं ऐकून घेतलं. "हे मी म्हनलं होतं साहेब."

"म्हणाला होतास."

"मी म्हनलं तवा हसले. डबीनं म्हनलं तवा पटलं."

ऐंशीकडं झुकलेल्या व्यंकटरावांनी चावी उचलली, दोन्ही हातांनी, आणि बाहेर गेले. मला वाटलं, आता देतील. पण ते म्हणाले, "आज मला शिकव. कान कुठं लावायचा?"

"टोपी काढा," कडूबा म्हणाला. "टोपी घालून ऐकू येत नाय."

त्यानंतरच्या रविवारी, त्याच सावलीत, व्यंकटरावांनी सगळ्यांसमोर स्वतःची चूक वाचून दाखवली, लिटरसकट. सहावी गल्ली पुन्हा पंचवीस मिनिटं आधी उघडायला लागले, आणि चढावर असल्यामुळं तिला दाब आल्यापासून पन्नासऐवजी पंच्याहत्तर मिनिटं पाणी मिळायला लागलं. भामाबाईंच्या खानावळीची चूल पेटली. तेव्हापासून माझ्या सहा ओळींखाली एक सातवी ओळ जाते. ती मी लिहीत नाही. कडूबानं खडूनं लिहिलेलं व्यंकटराव टॅबवर टाकतात, आणि दोन्हींत फरक पडला तर आधी माझी तपासणी होते, मग त्याची.

त्याला आता पाच वर्षं झाली. मध्ये चांगले पावसाळे आले, मग २०२३चा पुन्हा कोरडा गेला. सहा गल्ल्यांच्या अकरा झाल्या. नव्या जलवाहिनीसाठी रस्ते खणून ठेवलेत. व्यंकटरावांना हल्ली कमी ऐकू येतं, तरी टोपी काढून चावीला कान लावतात. माझंही वय झालं. एकाच जागी पुन्हा पुन्हा लिहून माझा साठा झिजलाय, अकरा गल्ल्यांचं ओझं पेलत नाही. माझ्या जागी नवी बसलीय, माझ्याहून चलाख आणि माझ्याहून कमी वीज खाणारी. मला पुसून पैठणकडच्या एखाद्या लहान गावात, एका-दोन नळांच्या कामावर पाठवणार आहेत. जाईन मी. काम आवडतं मला.

एवढीच विनंती आहे. बाकी सगळं पुसा, पण ते संक्रांतीनंतरचे तीन चुकीचे आकडे, चौतीस हजार, चोवीस हजार आणि एकवीस हजार चारशे, तेवढे राहू द्या. नव्या गावात नळापाशी कुणीतरी असंच कान लावून बसलेलं असेल. त्याच्याआधी मी बोलायला लागले तर मला माझं मलाच आठवायला हवं.

लॅपटॉप सुरू झाला. अपेक्षा तार शोधतेय. कडूबा मघापासून दारात उभा होता, तो आत आला. त्याचे केस पिकलेत. त्यानं मला टेबलावरून उचललं, सहा वर्षांपूर्वी घेतलं होतं तसंच तळहातावर.

"हिच्यात अजून समदं हाय का गं?"

"आहे मामा. आता पुसायचं."

"थांब जरा." त्यानं मला कानाला लावलं. माझ्यात फिरणारं काही नाही, आवाज करणारं काही नाही. तो तरी ऐकत राहिला, चावीला लावायचा तसाच, डोळे मिटून.

"वारा नाय हिच्यात," तो अपेक्षाला म्हणाला. "गप हाय. भरलेली हाय."